मातीचा कागद

भामाबाईच्या कपाळावर कुंकू होतं आणि गावाच्या डोळ्यांत तेच सलत होतं. बारा वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही, आणि ही बया रोज सकाळी रांजणाच्या पाण्यात वाकून बघत रुपयाएवढं कुंकू लावणार! पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "भामे, कुणासाठी गं नटतीस?" तिचं उत्तर ठरलेलं. "ज्याचं हाय त्याच्यासाठी. तुमच्यासाठी न्हाई." आणि घागर अशी आपटायची, की विचारणारीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलंच पाहिजे.

तिचा नवरा विहिरी खोदायचा. पाली ते लिंबागणेश या पट्ट्यात त्याच्या हातच्या विहिरींचं पाणी लोक अजून पीत होते. निजामी फसली सन तेराशे सतराच्या वैशाखात तो सुंदरराव पाटलांच्या ओढ्याकाठच्या रानात विहीर खोदत होता आणि भामा पहिल्या बाळंतपणासाठी लिंबागणेशला माहेरी गेली होती. तीन महिन्यांचं पोर काखेला मारून ती परत आली, तर विहीरही नाही आणि नवराही नाही. पाटील म्हणाले, विहीर कोरडी निघाली, बुजवून टाकली. आणि माणूस? "वैतागला अन् गेला रेल्वेच्या कामावर, जालन्याकडं. रामकिसनला विचार."

रामकिसन म्हणजे नवऱ्याचा जोडीदार. नवरा खाली खणायचा, रामकिसन वरून दोरानं टोपली ओढायचा. त्याला विचारलं तर तो जमिनीकडं बघत म्हणाला, "व्हय वैनी, गेला." पुढं दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे तो जालन्याच्या बाजाराला जायचा आणि परत आला की भामाच्या दारात उभा राहून सांगायचा, "दिसला बगा. लांबून दिसला. हाक मारली, पन गर्दीत गेला." एवढं सांगून पाणीही न पिता निघून जायचा. बारा वर्षांत बारा वेळा दिसला. मधे मानमोडीच्या तापानं अर्धं गाव उचललं, तरी जालन्याच्या गर्दीतला हा माणूस काही मेला नाही.

आता आमच्याकडचा रिवाज सांगायला हवा. परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. तोवर आला नाही, तर तो मेला असं धरायचं, पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. पुतळा पेटला की बायकोच्या बांगड्या फोडायच्या. भामाची बारा वर्षं वैशाखातच भरली होती. तिच्या दिरानं, आप्पानं, सर्वपित्रीचा दिवस धरला आणि पानं आणायला माणूसही लावून दिला.

"वैनी, रिवाज हाय. माझ्या पोरींची लग्नं अडतेत," तो म्हणाला.

"भावजी, पानं जाळून मानूस मरत आसता तर मी आदी दोन-चार पुतळे दुसऱ्यांचे केले आसते," भामा म्हणाली. "मेला आसंल तर सांगा कुठं मेला. जागा दावा. मग मीच बांगड्या फोडते. न्हाईतर या कुंकवाला हात लावला तर हात मोडून ठिवीन."

अशी ती होती. पण रात्रंदिवस आत एक गोळा असायचा, हे तिलाच ठाऊक. बाई विधवा असली तर रडून मोकळी होते, सवाष्ण असली तर हसून मोकळी होते. हिला दोन्हीची चोरी.

पोट भरायला ती शाळेत झाडलोट करायची, रांजण भरायची. शाळा म्हणजे पाटलांनीच दिलेली एक लांबुळकी खोली. मास्तर त्रिंबकराव, मोमिनाबादचे, तरुण, अंगानं काडी आणि उत्साहानं वणवा. तहसिलीतून रद्दी झालेले कागद आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर पोरांसाठी हातानं सवाल लिहायचे. पानांचा कागद, पाखरांचा कागद, पावसाचा कागद. पोरांनी गावभर हिंडायचं, बघायचं आणि उत्तरं भरून आणायची. गाव हसायचं. शाळेत पाठांतर करायचं सोडून मास्तर पोरांना उकिरडे उकरायला लावतोय म्हणायचं.

त्या भाद्रपदात मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अंमलदार, घातचतुर्दशीला येणार अशी वर्दी आली आणि मास्तरांनी मातीचा कागद काढला. पाच सवाल होते. जागा कुठली? वरून खाली थर किती? प्रत्येक थराचा रंग आणि जाडी काय? थरात काय सापडलं? आणि पाचवा, हा थर कधी पडला असेल? शेजारी एक उभा चौकोन होता, त्यात थर रंगवायचे. ओढ्याची दरड, विहिरीची बाजू, कुठंही जा, पण डोळ्यांनी बघून भरा, अशी ताकीद.

भामा दाराबाहेर बसून ऐकत होती. तिचा सिदू शेवटच्या रांगेत. मास्तरांनी मोमिनाबादहून आणलेली काचेची बरणी काढली, तिच्यात माती टाकली, पाणी ओतलं आणि गदगदा हलवली. पोरं डोळे फाडून बघत राहिली. थोड्या वेळानं जाडी रेती तळाला बसली, तिच्यावर बारीक माती, वर नितळ पाणी.

"बघा," मास्तर म्हणाले, "जे आधी पडलं ते खाली, जे मागून पडलं ते वर. जमिनीचं तसंच. आपल्याकडं वर काळी, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली खडक. हा क्रम आपोआप कधी उलटत नाही. उलटलेला दिसला, तर समजायचं, माणसाचा हात लागला."

भामाला हसू आलं. हे सांगायला मोमिनाबादहून माणूस यायला पाहिजे का? लग्नानंतरची दोन वर्षं तिनं नवऱ्यासंगं विहिरीवर टोपल्या वाहिल्या होत्या. आंधळी केली असती तरी पायानं ओळखून सांगितलं असतं की किती हात खोल गेलो.

पण त्याच दुपारी, पोरं भाकरीला घरी गेलेली असताना, झाडताझाडता तिचा हात थांबला. आवाज येत होता. ठक. ठक. मग थोडी उसंत. पुन्हा ठक, ठक. दोन घाव आणि एक दम.

खरं बोलायचं तर हा आवाज तिला पोळ्यानंतर ओढ्याला पूर आला तेव्हापासून येत होता. भर दुपारी, गाव सुस्तावलं की. आधी वाटलं सुताराकडं काही चाललंय. मग वाटलं डोक्यातच काही बिघडलंय. खोदणाऱ्या प्रत्येकाचा घाव वेगळा असतो. रामकिसनचा तीनाचा, सासऱ्याचा एकेरी. दोन घाव आणि एक दम फक्त एकाच माणसाचा होता. तिनं भिंतीला कान लावला. आवाज भिंतीतून नव्हे, भिंतीच्या पायातून, जमिनीतून येत होता. "देवा, देवा, देवा," म्हणत ती बाहेर उन्हात येऊन बसली. पदर तोंडात कोंबून बसली, पण कुणाला बोलली नाही. कुणाला बोलणार? म्हणाले असते, बाई खुळी झाली, लवकर पुतळा जाळा.

अष्टमीला कागद गोळा झाले. त्या दिवशी सिदू रडत घरी आला. त्याच्या कागदावर मास्तरांनी लाल शाईनं भली मोठी फुली मारली होती.

"खोटं लिवलं म्हनले," सिदू हुंदके देत म्हणाला. "मी खोटं न्हाई लिवलं. पाटलाच्या रानाकडची दरड पुरानं तुटली, तितं आसंच हाय."

आता लेकाला कुणी खोटारडं म्हणावं आणि भामानं गप बसावं? तशीच शाळेत गेली. "मास्तर, माझं पोर उपाशी राहील, पन खोटं बोलायचं न्हाई. काय चुकलं त्याचं?"

मास्तर बिचारे भले माणूस. त्यांनी कागद समोर धरला. "भामाबाई, हे बघा. वर वीतभर काळी. बरोबर. तिच्याखाली मुरूम आणि दगडाच्या चिपा, पुरुषभर. तेही चालेल. पण त्याच्याखाली, अगदी तळाला, पुन्हा काळी? मुरमाच्या खाली काळी माती कशी असेल? आणि पाचवा सवाल तर कोराच सोडलाय."

भामानं कागदातल्या चौकोनाकडं पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण रंग येत होते. वर कोळशाचा काळा, मधे हळदीचा पिवळा, खाली पुन्हा काळा.

"आणि ही बरणीही त्याच्याच मातीनं नासवली," मास्तर म्हणाले. खिडकीत बरणी होती. तिच्यातलं पाणी शाईसारखं काळं होतं. "बाकी सगळ्यांच्या मातीचं पाणी तासाभरात निवळलं. ही त्या तळच्या थरातली. काल हलवली, अजून बसत नाही. चिकण असेल."

"मास्तर," भामानं विचारलं, "चवथ्या सवालाला काय लिवलंय त्यानं?"

मास्तरांनी वाचलं. "तळाच्या काळ्या थरात लोखंड दिसलं. बोटभर बाहेर. ओढून निघत नाही."

ती उठली आणि थेट ओढ्याकडं चालू लागली. ऊन मी म्हणत होतं. रानात चिटपाखरू नव्हतं. पाटलांच्या बांधाखाली पुरानं दरड उभी कापून नेली होती, सुरीनं भाकर कापावी तशी, आणि बुजवलेल्या विहिरीचं पोट उघडं पडलं होतं. सिदूनं एक रेघ खोटी काढली नव्हती. वर काळी, मधे मुरूम आणि चिपा, आणि तळाला, पाण्याला टेकून, काळी. त्या काळीतून लोखंडाचं एक टोक बाहेर आलेलं.

इथं भामाला जे कळलं, ते मास्तरांच्या पुस्तकात नव्हतं. विहीर खोदताना वरची काळी कुणी ढिगावर टाकत नाही. ती सोनं असते, शेतकरी त्याच दिवशी रानात पसरून टाकतो. काठावर ढीग राहतो तो मुरमाचा आणि दगडांचा. विहीर बुजवायची तर तोच ढीग आधी आत जाणार आणि वरून वीतभर काळी पसरणार. मग तळाला काळी आली कुठून? माणसानं टाकली नाही. ती आपणहून पडली. वळवाचा पाऊस झाला की काळीच्या बाजू फुगतात आणि एकदम ढासळतात, हे तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं. "पावसानंतर तीन दिस आत उतरायचं न्हाई," तो म्हणायचा. म्हणजे विहीर उघडी होती, काम चालू होतं, तेव्हा बाजू ढासळली. आणि ढासळली ती लोखंडावर.

ती पाण्यात गुडघे टेकून बसली आणि नखांनी माती उकरली. पहारीचं टोक होतं. टोकाजवळ तीन खाचा. लोहारानं ज्याच्या त्याच्या पहारीला खूण घालून दिलेली असते. ही खूण तिनं दोन वर्षं रोज राखेनं घासली होती.

ठक, ठक. तिच्या तळहाताखाली, पहारीतून, अगदी हातात हात द्यावा तसं. मग दम. पुन्हा ठक, ठक.

"आवं," ती हळूच म्हणाली. "मी हाय हो. मी आलेय."

त्या हाकेला उत्तर आलं नाही. घाव मात्र चालू राहिले. बारा वर्षं झाली तरी खणणं काही थांबलं नव्हतं. ती तिथंच बसून राहिली, ऊन उतरेपर्यंत.

तिथून उठली ती रामकिसनच्या दारात. तो दोर वळत बसला होता. तिनं चिखलानं माखलेले हात त्याच्यापुढं धरले आणि एकच विचारलं, "भावजी, वळीव झाला होता का?"

रामकिसनच्या हातातला दोर गळाला. खाई त्याला खवखवे म्हणतात. हा तर बारा वर्षं खवखव गिळत होता.

"झालता," तो म्हणाला. "आदल्या राती झालता. त्यो म्हनला, आज उतरत न्हाई, बाजू वल्ल्या हायेत. पाटील म्हनले, चार दिसांवर पोराचं लगीन, मांडवातले रांजन नव्या विहिरीच्या पान्यानं भरायचे, तसा बोल झालाय सोयऱ्यांत. हातभरावर पानी हाय, उतर. उतरला. मी वरून बगत होतो वैनी. आवाज बी न्हाई झाला. निस्तं धप्प."

"अन् काढला न्हाई?"

"काढू म्हनलं मी. पाटलांच्या पाया पडलो. पोराला हळद लागली होती. मांडवात मढं आलं तर सोयरे परतले आसते, वर पोलिसांचा अमीन आला आसता, पंचनामा. म्हनले, आता मेलाच हाय, बुजवा. मला म्हनले, तोंड उघडलंस तर तूच ढकलला म्हनीन." तो लहान पोरासारखा रडायला लागला. "वैनी, सांज होईस्तोर आतून आवाज येत होता. ठक ठक. मी मुरूम टाकत होतो अन् त्यो खालून ठोकत होता."

भामानं विचारलं, "अन् जालन्याला दिसायचा त्यो?"

"तुमचं कुंकू ऱ्हावं म्हनून," रामकिसन म्हणाला. "दुसरं काय देऊ शकत होतो मी?"

तिला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. घरी आली, हात धुतले, सिदूला भाकर वाढली. "तुझा कागद खरा हाय," एवढंच त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर पांढरेफटक पडले. ते स्वतः ओढ्यावर जाऊन बघून आले, आणि आले ते अधिकच पांढरे होऊन. "भामाबाई, थर खरे आहेत. फुली माझी चुकली," ते म्हणाले. "पण ही खोली पाटलांची, माझी नेमणूक त्यांच्या शब्दावर. मी काय करू?" त्यांनी काही केलं नाही. कागद फाडला नाही आणि भिंतीवर लावलाही नाही. गठ्ठ्याच्या सगळ्यात तळाशी सारून दिला. पुढचे पाच दिवस बरणीतलं पाणी काळंच राहिलं. दुपारी ठक ठक सुरू झालं की बरणीतल्या पाण्यावर बारीक शहारा यायचा. मास्तरांना तो दिसायचा. ते नजर वळवायचे.

घातचतुर्दशी उजाडली. आमच्याकडं पितरांत ही तिथी अपघातानं, घातानं गेलेल्यांची. मोहतमीम साहेब घोड्यावरून आले. म्हातारे, जाड चष्मा, कडक शेरवानी, पण पोरांवर माया असलेला माणूस. त्यांच्या शेजारी खुर्चीत सुंदरराव पाटील, फेट्याचा तुरा वर करून. दाराशी गाव लोटलेलं, त्यात आप्पा आणि रामकिसन. भामा पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी.

साहेबांना मातीचे कागद भलतेच आवडले. एकेक पोराला उभं करून विचारू लागले. मास्तर मधेच म्हणाले, "बस हुजूर, इतनेच हैं." पण साहेबांनी बोटानं गठ्ठा चाळला आणि तळाचा कागद काढला.

"ये उल्टा कैसा जी? उप्पर काली, बीच में मुरूम, फिर काली? और लाल फुल्ली?" सिदू उभा राहिला. साहेब त्याच्याकडं बघून हसले. "चौथे सवाल में लोहा लिखा. ठीक. पाँचवा खाली कायकू छोड़ा बेटा? ये थर कब पड़ा?"

सिदू आईकडं बघू लागला. आणि भर दुपार नसताना, एवढ्या माणसांत, आवाज सुरू झाला. ठक, ठक. दम. ठक, ठक. बरणीतलं पाणी शहारलं. रामकिसननं कानांवर हात ठेवले. साहेबांनी विचारलं, "ये कोन ठोक रहा?"

भामानं तांब्या खाली ठेवला. "म्या सांगते," ती म्हणाली. "फसली तेराशे सतरा. वैशाख. सुंदरराव पाटलाच्या पोराला हळद लागली त्या दिवशी पडला ह्यो थर."

"ए बाई, तोंड सांभाळ," पाटील गरजले. "साहेब, नवरा पळून गेलाय हिचा, डोक्यावर परिणाम झालाय. हा रामकिसन जालन्याला दर साल बगतो त्याला. सांग बे रामकिसन!"

रामकिसन पुढं आला. आवाज त्याच्या पायाखालूनच येत होता. "न्हाई बगितला," तो म्हणाला. "कदीच न्हाई. त्यो पाटलाच्या विहिरीत हाय. मीच वरून मुरूम टाकला."

पाटलांचा तुरा तेवढा हलत होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग मास्तरांसमोर कागद सरकवला. "लिखो मास्टर. चौथा सवाल फिर से. थर में क्या है?" आणि भामाला अगदी हळू म्हणाले, "नाम बोलो, बाई. कागज को नाम होना."

आता आली का पंचाईत! आमच्यातली बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढं "आवं", "हे", "सिदूचे बाप". नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. बारा वर्षं दिराशी भांडताना, देवाला नवस बोलताना, अगदी झोपेतसुद्धा भामानं ते नाव उच्चारलं नव्हतं. आईची अडचण बघून सिदू बोलायला पुढं झाला. रिवाज तोच, बाईच्या वतीनं पोरानं नाव सांगायचं.

"थांब," भामा म्हणाली. "तू न्हाई."

तिला ठाऊक होतं की हे नाव एकदा तोंडातून निघालं की कपाळाला काही उरणार नाही. गाव बघत होतं, दीर बघत होता. खालून घाव चालू होते, त्याच लयीत. दोन घाव आणि एक दम. तिनं डोळे मिटले.

"आसाराम," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आसाराम. लिवा मास्तर. या थरात आसाराम हाय."

मास्तरांनी आधी स्वतःच्या लाल फुलीवर काट मारली, मग लिहिलं. अक्षर नीट आलं. लिहून होईपर्यंत सगळेच जमिनीकडं कान लावून होते. दम लांबला. पुढचा घाव पडलाच नाही.

अमीन त्याच संध्याकाळी आला. सर्वपित्रीला दरड खणली आणि आसाराम निघाला, पहारीवर दोन्ही हातांची हाडं तशीच. त्यालाच अग्नी दिला. सिदूनं दिला. बांगड्या भामानं स्वतः फोडल्या, कुणाला हात लावू दिला नाही. आप्पानं आणलेली तीनशे साठ पळसाची पानं कोपऱ्यात पडून होती. तिनं बसून त्यांच्या पत्रावळी लावल्या आणि तेराव्याला शाळेच्या पोरांना त्यांवर जेवू घातलं. पाटलांचं पुढं काय झालं, खटला किती चालला, ते वेगळं सांगायला नको. घरातून उठून हैदराबादच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवता झिजवता म्हातारा झाला, एवढं पुरे.

चौदाव्या दिवशी भामा पांढऱ्या कपाळानं शाळेत आली. रांजण भरला. खिडकीतल्या बरणीत पाणी नितळ झालं होतं, काळी माती तळाला गुमान बसली होती. पोरं भाकरीला गेली. ती झाडताझाडता सवयीनं थांबली, भिंतीशी गेली आणि खाली बसून जमिनीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

काहीच येत नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा भामा तेव्हा रडली.